अमोनियाची बाटली

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं बाटल्या भरल्या. निवृत्त झाल्यावर लोक 'शिक्षणक्षेत्रात होतो' असं मोघम सांगतात; मला ते जमत नाही. मी प्रयोगशाळा साहाय्यक होतो. प्राध्यापक शिकवत, मुलं प्रयोग करत, आणि दोघांना लागणारी द्रावणं मी सकाळी साडेसातला येऊन तयार करून ठेवत असे. बाटलीत द्रावण भरायचं, कागदाची पट्टी चिकटवायची, तिच्यावर काळ्या शाईने नाव लिहायचं आणि वरून पातळ मेण फिरवायचं, म्हणजे आम्ल ओघळलं तरी अक्षर राहतं. माझं अक्षर चांगलं होतं. स्वतःबद्दल मला खात्रीने सांगता येईल अशी ही एकच गोष्ट.

चंद्रभागाबाई मला मास्तर म्हणतात. त्या कोलशेतच्या कोळीवाड्यातल्या. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या फाटकाशी टोपली घेऊन बसतात. आम्ही कायस्थ, मासळीशिवाय आमचं पान अडतं. पण मासळी घ्यायचं काम माझ्या पत्नीचं होतं. ती गेल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मी पिशवी घेऊन खाली उतरलो आणि टोपलीसमोर नुसताच उभा राहिलो. चंद्रभागाबाईंनी चार बोयटं उचलली, खवलं काढून साफ करून दिली आणि ती कशी करायची ते दोनदा सांगितलं. घरी जाऊन हात धुवायला म्हणून चिंचेचा एक लहान गोळाही पिशवीत टाकला. तो गोळा त्यांच्याजवळ कायम असतो, प्लास्टिकच्या निळ्या डबीत. साबणाने जो वास जात नाही तो चिंचेने जातो, असं त्या म्हणाल्या, आणि तसंच झालं. याला आता सहा वर्षं झाली.

मी शिक्षक नव्हतो हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, की पोरांना औषधं देत होतात ना, मग मास्तरच.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी त्यांनी नातीचा विषय काढला. दक्षता बी.एस्सी. झाली होती, बी.एड. झाली होती आणि दोन वर्षं एका क्लासमध्ये लहान मुलांना शिकवत होती. आता खोपटजवळच्या एका शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची जागा निघाली होती. मुलाखतीनंतर तीन जण उरले होते आणि तिघांनीही नववीच्या वर्गावर अर्ध्या तासाचा पाठ घेऊन दाखवायचा होता. विषय शाळेनेच दिला होता: आम्ल आणि आम्लारी यांच्या व्याख्या कशा बदलत गेल्या. दक्षताने पदवी घेतली वनस्पतिशास्त्रात. रसायन तिने दुसऱ्या वर्षीच सोडलं होतं.

"तुमी जरा बसवा तिला," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पोर झाडापाल्यातली हाय. ही आंबट भानगड तिच्या डोक्यात नाय शिरत."

मी नाही म्हणालो. एखादा खरा शिक्षक बघा, तिच्या नोकरीचा प्रश्न आहे, माझ्याकडून काही चुकलं तर, असं बरंच बोललो. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, पिशवीत एक बोयटं जास्तीचं टाकलं आणि उद्या चारला ती येईल म्हणून सांगितलं.

दक्षता आली ती मोबाइल, वही आणि तीन रंगांची पेनं घेऊन. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, चष्मा, बोलणं भरभर. पहिल्या दिवशी ती मला सर म्हणाली. मी अवघडलो. दुसऱ्या दिवसापासून काका म्हणायला लागली आणि मग मला जरा मोकळं वाटलं.

आम्ही रोज दीड तास बसायचो. मला शिकवता येत नव्हतं, तेव्हा मी वाचून दाखवायचो आणि ती प्रश्न विचारायची. तीन सिद्धांत होते. पहिला अर्‍हेनियसचा: पाण्यात टाकल्यावर जो पदार्थ हायड्रोजनचा आयन सोडतो ते आम्ल, आणि जो OH म्हणजे हायड्रॉक्साइडचा आयन सोडतो तो आम्लारी. लिंबू एका बाजूला, चुना दुसऱ्या. हे तिला शाळेपासून येत होतं. दुसरा ब्रॉन्स्टेड आणि लाउरी या दोघांचा: हायड्रोजनचा आयन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. OH असो वा नसो, त्याची अट नाही. आणि तिसरा लुईसचा. त्यात हायड्रोजनही लागत नाही. ज्याच्याजवळ इलेक्ट्रॉनची जोडी मोकळी आहे तो देतो, ज्याच्याजवळ रिकामी जागा आहे तो घेतो. हा तिसरा माझा आवडता. पुस्तकात त्या जोडीला एकाकी जोडी म्हणतात हे मी सांगितलं तेव्हा दक्षता म्हणाली, जोडीनं असून एकाकी कशी काय काका, आणि बराच वेळ हसत होती.

मला येत होतं ते काम मी केलं. टिपकागदाच्या पट्ट्या कापल्या, हळदीच्या पाण्यात बुडवल्या आणि गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. चुन्याची निवळी लागली की या पट्ट्या लाल होतात आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळ्या. मुलांना ते आवडतं. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी चंद्रभागाबाईंनी फाटकातून वर बघितलं आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मास्तर, कोनाची हळद हाय?" समोरच्या गॅलरीतल्या बाई आत जाऊन हसल्या. मी पट्ट्या काढून घेतल्या. त्या तोपर्यंत वाळल्याच होत्या.

पाठ बुधवारी होता. त्याच रविवारी संध्याकाळी आमची शेवटची तालीम झाली. मी जेवणाच्या खुर्चीवर नववीतला मुलगा होऊन बसलो आणि दक्षता फ्रिजच्या दाराला फळा समजून शिकवत होती. चांगलं शिकवत होती. मध्येच थांबली.

"काका, एक अडतंय. अमोनिया आम्लारी आहे ना? पण त्याच्यात OH नाहीच. एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन. नाही ते तो सोडणार कुठून? वर्गात कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

विचारल्याबरोबर उत्तर आठवलं असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही. त्या दिवशी झालं. मी म्हणालो, सोपं आहे. अमोनिया पाण्यात गेला की त्याचं अमोनियम हायड्रॉक्साइड होतं. त्यात OH असतो. तो सुटतो.

"नक्की ना?"

"एकतीस वर्षं ते नाव मी स्वतःच्या हाताने बाटलीवर लिहिलंय," मी म्हणालो.

तिने लाल पेनने वहीत NH₄OH लिहिलं आणि भोवती चौकट काढली. म्हणजे पहिला सिद्धांत बचावला, असं म्हणून तिने वही मिटली. ती गेल्यावर मी दोनदा चहा करून प्यायलो. स्वतःबद्दल इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल.

मंगळवारी दुपारी मी ते पुस्तकात बघितलं. शंका आली म्हणून नव्हे. काही सांगितलं की ते नंतर पुस्तकात बघायचं, ही माझी सवय आहे. रद्दीच्या दुकानातून कधीतरी आणलेलं जाड पुस्तक होतं, त्याच्या तळटिपेत तीन ओळी होत्या. अमोनियम हायड्रॉक्साइड नावाचा रेणू कोणाला वेगळा काढता आलेला नाही. बाटलीत असतो तो पाण्यात विरघळलेला अमोनियाच. त्यातला थोडा अमोनिया पाण्याच्या रेणूकडून हायड्रोजनचा आयन ओढून घेतो आणि मागे जो OH उरतो तो पाण्याचा असतो, अमोनियाचा नव्हे.

मी त्या ओळी चार वेळा वाचल्या. मग मला आमच्या प्रयोगशाळेतली खिडकीशेजारची फळी आठवली. तिच्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली आणि अमोनियाची बाटली शेजारी शेजारी असत, आणि रोज सकाळी दोन्हींच्या गळ्यांवर पांढरी पूड बसलेली असे. बुचांतून निसटलेले दोन वायू हवेतच एकमेकांना भेटत आणि त्यांचा क्षार होऊन खाली बसे. तिथे पाणी हवंच असं नाही, आणि हायड्रॉक्साइड तर कुठेच नाही. एक देत होता, दुसरा घेत होता. दुसरा सिद्धांत रोज सकाळी माझ्यासमोर बाटलीच्या गळ्यावर लिहिलेला असायचा आणि मी तो ओल्या फडक्याने पुसून टाकायचो. वाचायचो ते माझ्याच हाताने लिहिलेलं लेबल.

चूक माझ्यापुरती असती तर मी ती गिळली असती. पण दक्षताचा अख्खा पाठ त्या प्रश्नावर उभा होता. अमोनियाजवळ OH नाही, ही पहिल्या व्याख्येतली फट होती, आणि त्या फटीतूनच दुसरी व्याख्या आली होती. मी ती फट बुजवून दिली होती. मागच्या बाकावर परीक्षक बसणार. त्यांतल्या एकाला जरी रसायन येत असेल, तर तो तिला नेमकं तिथेच धरणार.

मी फोन लावला आणि तिने उचलायच्या आत कापला. थोड्या वेळाने तिचाच आला. काका, कॉल आलेला का? मी म्हणालो, चुकून लागला.

सहा वाजता मी कोळीवाड्यात गेलो. दक्षता साडीला इस्त्री करत होती. मला बघून खूश झाली. तिने पाठ थोडा बदलला होता आणि कधी सांगते असं तिला झालं होतं. मुलांनी विचारायची वाट न बघता अमोनियाचा प्रश्न ती स्वतःच विचारणार होती आणि मग फळ्यावर लाल खडूने उत्तर लिहिणार होती. तोच तिचा बेस्ट पार्ट होता, असं ती म्हणाली. चंद्रभागाबाईंनी माझ्यापुढे परतलेल्या जवळ्याची बशी ठेवली. मी जवळा खाल्ला, चांगला झालाय म्हणालो, उद्यासाठी शुभेच्छा दिल्या आणि घरी आलो. माझ्या भित्रेपणाचं याहून वेगळं वर्णन मला करता येत नाही.

बुधवारी सकाळी मी रिक्षा केली. कापूरबावडीला मेट्रोच्या कामामुळे वीस मिनिटं गेली. शाळेत पोचलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. दक्षताचा पाठ अकराला, तिघांत शेवटचा. दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात, वर्गाच्या खिडक्यांना लागून एक लांब बाक होता. त्याच्यावर ती आणि चंद्रभागाबाई बसल्या होत्या. चंद्रभागाबाईंनी बुधवारचा धंदा अर्ध्यावर सोडला होता, उरलेली टोपली शेजारणीच्या हवाली करून त्या सरळ इकडे आल्या होत्या. मला बघून त्यांनी सरकून जागा केली. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

"दक्षता, मी तुला चुकीचं सांगितलं."

"कुठलं?"

"अमोनियाचं."

तिने वहीतून मान वर केली. "काका, हे आता सांगताय?"

"काल सांगायलाच आलो होतो."

"मग?"

"सांगता आलं नाही."

ती वहीतल्या लाल चौकटीकडे बघत राहिली. शेजारच्या वर्गात दुसऱ्या उमेदवाराचा पाठ चालू होता, त्याचा आवाज येत होता. शेवटी तिने विचारलं, "मग त्या बाटलीत असतं काय?"

मी तळटीप सांगितली. जमेल तितकी हळू सांगितली. बाटल्यांच्या गळ्यांवरची पूडही सांगितली.

"म्हणजे देणारं पाणी आणि घेणारा अमोनिया," ती म्हणाली. "हा तर दुसराच सिद्धांत झाला."

"तो तिथूनच सुरू होतो."

"हे मला रविवारी पाहिजे होतं, काका." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. "आता मुलांना दाखवू काय? माझ्याकडे लिंबू आहे, चुना आहे, साबण आहे. अमोनिया कुठून आणू? नुसतं फळ्यावर लिहिलं तर त्यांना काय कळणार?"

ती घड्याळाकडे बघत होती आणि मधेमधे उजवा हात नाकाशी नेत होती. आजीला लवकर निघता यावं म्हणून सकाळी गिऱ्हाइकांची मासळी तिनेच साफ करून दिली होती. तेव्हापासून तिने चार वेळा हात धुतले होते. वास येतोय का गं अजून, असं तिने आजीला हळूच विचारलं. त्या शाळेतल्या माणसांसमोर तो वास घेऊन जायचं नाही, हे तिने मनाशी ठरवलेलं दिसत होतं. चंद्रभागाबाईंनी पिशवीतून निळी डबी काढली आणि चिंचेचा गोळा तिच्या तळहातावर ठेवला.

मी त्या गोळ्याकडे बघितलं. सहा वर्षं तसा गोळा माझ्याही मोरीत आहे.

"हा कशाला लावतेस?" मी विचारलं.

"वास जातो म्हणून. काका, प्लीज, आता नको काही."

"पण का जातो?"

ती चिडून काहीतरी बोलणार होती. पण तिची नजर गोळ्यावर गेली. तळहात तसाच उघडा राहिला.

"माशाचा वास म्हणजे अमोनियाचा भाऊच," मी म्हणालो. "अमोनियातले तीन हायड्रोजन काढून तिथे दुसरं काही बसवलेलं. बाकी घडण तीच. त्याच्यातही OH नाही."

"चिंच आम्ल," ती स्वतःशीच म्हणाली. "ती हायड्रोजन देते. वासवाला घेतो. घेतल्यावर?"

"घेतल्यावर त्याचा क्षार होतो. तो उडत नाही. नाकापर्यंत येत नाही."

तिने गोळा न लावताच डबीत परत ठेवला. "आजी, तू हात धुतलेस?"

"कवा धुनार? धावत आलेय मी."

"धुऊ नको."

तेवढ्यात शिपायाने तिचं नाव पुकारलं आणि ती आत गेली. डबी तिने आजीजवळच ठेवली होती.

खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे बाकावर बसून आतलं सगळं दिसत होतं. मागे दोन परीक्षक होते, मुख्याध्यापक आणि पिकल्या केसांच्या एक बाई. पाठाची सुरुवात छान झाली. हळदीच्या पट्ट्या लाल झाल्या, लिंबाने पुन्हा पिवळ्या झाल्या, मुलं पुढे झुकली. पहिला सिद्धांत तिने पाच मिनिटांत सांगितला. मग फळ्यावर अमोनिया लिहिला आणि प्रश्न विचारला, की याच्याजवळ OH नाही, मग हा आम्लारी कसा?

तिसऱ्या बाकावरच्या मुलाने हात वर केला आणि माझंच उत्तर दिलं. पाण्यात गेल्यावर अमोनियम हायड्रॉक्साइड होतं, मॅडम.

"मलाही कालपर्यंत तसंच वाटत होतं," दक्षता म्हणाली, आणि थांबली.

खडू हातात होता. मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं. ती काय तोलतेय हे मला समजत होतं. अमोनिया फळ्यावरच ठेवून पुढे जाता आलं असतं. पाठ बरा झाला असता आणि तिच्या हाताच्या वासाबद्दल कोणाला काही कळलं नसतं. मी खाली बघितलं. तिने काहीही केलं तरी त्याला कारण मीच असणार होतो.

"माझी आजी मासे विकते," ती म्हणाली. "आज सकाळी मीपण साफ केलेत. आजी बाहेर बसलीय. सर, तिला दोन मिनिटं आत बोलावू का?"

मुख्याध्यापकांनी मान डोलावली, पण चंद्रभागाबाई त्याआधीच उठल्या होत्या. दाराशी चपला काढून त्या आत गेल्या आणि कोणी न सांगता दोन्ही हात पुढे करून मुलांसमोर उभ्या राहिल्या. पहिल्या बाकावरच्या एका मुलीला दक्षताने जवळ बोलावलं आणि वास घ्यायला सांगितलं. मुलीने तोंड वाकडं केलं. वर्ग हसला.

"तोंड नको वाकडं करू, बाय," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "म्हावरं ताजं होतं. हाताला बसून बसून वास लागतो. नायतर बाई वाटेल ते सांगेल तुमाना." बाई म्हणजे त्यांची नात.

वर्ग आणखी हसला, दक्षताही हसली, आणि तिथून पुढे तिचा आवाज मला माझ्या घरात ऐकू यायचा तसा यायला लागला. चंद्रभागाबाईंनी हातांना चिंच चोळली, टेबलावरच्या तांब्यातलं थोडं पाणी घातलं, हात पुसले. त्याच मुलीने पुन्हा वास घेतला. येतोय, पण चिंचेचा, असं ती म्हणाली.

"मग माशाचा गेला कुठे?"

एकजण म्हणाला, धुतला गेला. चंद्रभागाबाई म्हणाल्या, नुसत्या पाण्यानं तासभर धू, नाय जायचा. मग दक्षताने फळ्यावर अमोनियाशेजारी त्याचा भाऊ काढला, चिंचेचं आम्ल काढलं, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा हायड्रोजनचा आयन पिवळ्या खडूने दाखवला. "यात OH कुठे दिसतो का?" मुलं म्हणाली, नाही. "मग आम्लारी कोणाला म्हणायचं?" घेतो त्याला, असं चार-पाच जण एकदम म्हणाले. दुसरा सिद्धांत तिला सांगावाच लागला नाही.

पिकल्या केसांच्या बाईंनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "आमच्या लॅबमधल्या बाटलीवर अमोनियम हायड्रॉक्साइड असं लिहिलंय. ते चुकीचं आहे का?"

"जुनं नाव आहे, मॅडम. बाटलीत पाणी आणि अमोनियाच असतो. मी आज तेच नाव खरं धरून शिकवणार होते." दक्षताने खिडकीकडे बघितलं. "ज्यांनी मला शिकवलं ते मघाशी इथे येऊन म्हणाले, मी चुकीचं सांगितलं. ते आले नसते तर मी तुमच्यासमोर चुकीचंच शिकवलं असतं."

मी बाकावर जरा बाजूला सरकलो, खिडकीतून दिसणार नाही असा.

तिसरा सिद्धांत राहिलाच. घंटा झाली तेव्हा ती एवढंच म्हणाली, की ही व्याख्याही शेवटची नाही, पुढची अकरावीत भेटेल. त्या तिसऱ्यावर आम्ही तीन दिवस घालवले होते.

खाली उतरल्यावर तिने रिक्षा थांबवली, आजीला आत बसवलं, मला बसवलं, स्वतः कडेला बसली. रिक्षा नितीन कंपनीच्या चौकात आली तरी चंद्रभागाबाई हात नाकाशी नेऊन बघत होत्या.

"काका," दक्षता म्हणाली, "कालचं कालच सांगायचं."

मी हो म्हणालो.

"फोन चुकून लागला म्हणे," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

चंद्रभागाबाईंनी कशाला हसता म्हणून विचारलं. तिने सांगितलं. मग त्याही हसल्या आणि घर येईपर्यंत मधूनमधून हसत राहिल्या. मला वाईट वाटलं नाही.

निकाल नवव्या दिवशी लागला. मला तो शुक्रवारी कळला, फाटकाशी. चंद्रभागाबाईंनी माझ्या पिशवीत अख्खा जिताडा ठेवला. मी एकटा माणूस, एवढा मोठा मासा कसा संपवणार, असं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, एकटे कशाला, आम्ही दोघी येतोय रात्रीच्या जेवायला. आणि आता तरी मास्तर नाय असं म्हनू नका, तिच्या शाळेत तुमचं नाव सांगितलंय तिनं. जेवायला त्या खरंच आल्या. जिताडा त्यांनीच केला.

मार्चमध्ये दक्षताने मला शाळेत बोलावलं. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांची लेबलं वाचता येईनाशी झाली होती. मी माझी जुनी टाकाची पेटी, पांढरा कागद आणि मेण घेऊन गेलो. दुपारभर लिहीत बसलो. अमोनियाच्या बाटलीवरचं लेबल कोणीतरी फार सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं. असाच कोणीतरी साडेसातला येणारा माणूस असणार. ते खरवडायला मला जड गेलं. मग नव्या पट्टीवर 'अमोनियाचे पाण्यातील द्रावण' असं लिहिलं आणि चिकटवायच्या आधी दक्षताला दाखवलं. तिने ते दोनदा वाचून बरोबर आहे म्हणून सांगितलं, तेव्हा चिकटवलं.

बाटली फळीवर ठेवायला गेलो तर शेजारी हायड्रोक्लोरिक आम्लाची होती. तिच्या गळ्यावर पांढरी पूड बसली होती. माझा हात आपोआप फडक्याकडे गेला.

"पुसू नका, काका," दक्षता मागून म्हणाली. "उद्या मुलांना दाखवायचीय."

मी फडकं घडी करून पिशवीत ठेवलं.